दोन पासपोर्ट, वर ओसीआय: कुठल्या काउंटरवर काय काढायचं

तिकीट काढायच्या आधी एक कागद घ्या. प्रवासातला प्रत्येक टप्पा एकाखाली एक लिहा आणि त्याच्यापुढे तीन गोष्टी: चेक-इनला कुठला पासपोर्ट, निघताना इमिग्रेशनला कुठला, उतरल्यावर कुठला. हे घरी बसून दहा मिनिटांत होतं, पण बहुतेक जण ते काउंटरसमोर उभे राहिल्यावर ठरवायला घेतात, तेव्हा मागे रांग असते, पोरं कंटाळलेली असतात आणि हातात वेगवेगळ्या रंगांची चार पुस्तकं.

मी हे मुख्यतः आपल्यासारख्या घरांसाठी लिहितोय. म्हणजे आईबाबा कधीकाळी एच-वन-बी किंवा एल-वन वर्क व्हिसावर अमेरिकेत होते, मूल तिथे जन्मलं त्यामुळे जन्मानेच अमेरिकन, मग नोकरीमुळे सगळे इंग्लंडला किंवा कॅनडाला आले, तिथलं नागरिकत्व घेतलं आणि आता मुलाकडे दोन पासपोर्ट आणि वर ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया, भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना भारत देतो ते कार्ड), आईकडे अजून भारतीय पासपोर्ट, बाबांकडे ब्रिटिश. आमच्याकडे हेच आहे, मुलगी न्यू जर्सीत जन्मली आणि आम्ही आता इंग्लंडात. एका घरात तीन देश, आणि सुट्टीला पुण्याला जायचं.

आधी भारताचं बोलू कारण सगळ्यात जास्त गैरसमज तिथेच. भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ नुसार तुम्ही स्वतःहून दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारतीय नागरिकत्व त्याच क्षणी संपतं, तुम्ही काही सही करा किंवा नका करू. आणि ओसीआय म्हणजे नावात सिटिझन असलं तरी तो आयुष्यभराचा व्हिसा आहे, मतदान नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही (गावच्या सातबाऱ्यावर वारसाने नाव लागणं ही वेगळी गोष्ट). त्यामुळे "माझ्याकडे इंडियन आणि ब्रिटिश दोन्ही आहेत, इंडियनची मुदत अजून सहा वर्षं आहे, तोवर वापरतो" असं कोणी पार्टीत सांगत असेल तर त्याचं ऐकू नका. तो पासपोर्ट आता नुसता कागद आहे, आणि नवीन नागरिकत्वानंतर त्यावर प्रवास केला तर तो सरकारकडे परत जमा, म्हणजे सरेंडर करताना दंड बसतो, जितका वापर तितका जास्त. दुसऱ्या देशाचा पासपोर्ट काढला हाच नागरिकत्व घेतल्याचा पक्का पुरावा धरायचा असं नियमातच लिहिलेलं आहे, त्यामुळे "मी फक्त पासपोर्ट काढला, नागरिकत्व कुठे घेतलं" हा वाद चालत नाही.

क्रम असा ठेवायचा. नवीन नागरिकत्वाचा समारंभ झाला की लगेच नवीन पासपोर्टला अर्ज, तो हातात आला की भारतीय पासपोर्ट सरेंडर, ते सर्टिफिकेट आलं की ओसीआय. या सगळ्यात काही आठवडे ते काही महिने जातात आणि त्या मधल्या काळात भारतात जायला तुमच्याकडे काहीच नसतं. म्हणून घरी लग्न असेल, आईवडिलांची तब्येत नाजूक असेल, तर समारंभाची तारीख पुढे ढकलता येते का ते आधी बघा, आणि नसेल येत तर नव्या पासपोर्टवर ई-व्हिसा हा मार्ग लक्षात ठेवा. अगदीच तातडीचं, म्हणजे कोणी आयसीयूत असेल, तर भारतीय दूतावासाकडे इमर्जन्सी व्हिसा असतो, हॉस्पिटलचं पत्र व्हॉट्सॲपवर मागवून ठेवायचं. परदेशात जन्मलेली मुलं कधी भारतीय नव्हतीच तर त्यांना सरेंडरची भानगड नाही, त्यांच्या ओसीआयला आईवडिलांचे कागद लागतात. एवढं एकच सोपं आहे यात.

आता खरी गुंतागुंत. मुलाकडे अमेरिकन आणि ब्रिटिश असे दोन पासपोर्ट आहेत, पण ओसीआय कार्डावर एकाच पासपोर्टचा नंबर असतो. जन्मानंतर वर्षभरात काढलं असेल तर तो अमेरिकन पासपोर्टचा असणार. म्हणजे भारतात जाताना त्या मुलाने अमेरिकन पासपोर्ट आणि ओसीआय ही जोडी दाखवायची, ब्रिटिश नाही, कारण ब्रिटिश पासपोर्टच्या बाजूने बघितलं तर त्या मुलाकडे भारताचा व्हिसाच नाही. अमेरिकन पासपोर्टची मुदत संपली आणि तुम्ही म्हणालात की ब्रिटिश आहे ना, त्यावर जाऊ, तर चेक-इनलाच अडकाल. ओसीआय दुसऱ्या देशाच्या पासपोर्टवर न्यायचं असेल तर ते रीतसर अर्ज करून पुन्हा इश्यू करून घ्यावं लागतं. माझं मत विचाराल तर ज्या देशात मूल राहतंय आणि ज्याचा पासपोर्ट तुम्ही न चुकता रिन्यू करणार आहात त्यावर ओसीआय असावं, पण नेऊन ठेवायची घाई नको, पुढच्या मोठ्या रिन्यूअलच्या वेळी करा.

२०२१ मध्ये ओसीआयचे नियम बरेच सैल झाले, पूर्वी विशीपर्यंत प्रत्येक नवीन पासपोर्टबरोबर कार्ड बदला, जुना पासपोर्ट बरोबर बाळगा अशी कटकट होती. आता विसाव्या वर्षाआधी ओसीआय काढलं असेल तर विशीनंतरचा पहिला पासपोर्ट आल्यावर एकदा नवीन कार्ड काढायचं, तोपर्यंत दर नवीन पासपोर्टच्या वेळी फक्त पासपोर्टची कॉपी आणि फोटो ऑनलाइन अपलोड करायचा, पन्नाशीनंतर एकदा तेच. अपलोड फुकट आहे, तीन महिन्यांत करायचं असतं. जुना पासपोर्ट बाळगायची सक्तीही गेली, पण कार्डावरचा नंबर जुना आणि हातातला पासपोर्ट नवा असेल तर मी जुना बॅगेत टाकतोच, त्याचं वजन ते किती, आणि परदेशातल्या छोट्या एअरपोर्टवरच्या चेक-इनवाल्याला भारताचे २०२१ चे नियम तोंडपाठ असतीलच असं नाही.

हा चेक-इनवाला फार महत्त्वाचा माणूस आहे. आपण इमिग्रेशन ऑफिसरला घाबरतो पण दोन पासपोर्टवाल्यांना अडवतं कोण तर एअरलाइन, कारण चुकीच्या कागदांवर माणूस नेला तर दंड एअरलाइनला बसतो आणि त्या माणसाला परतही त्यांनाच आणावं लागतं. त्यांच्या स्क्रीनवर टिमॅटिक नावाची सिस्टीम असते, त्यात नागरिकत्व आणि उतरायचा देश टाकला की काय लागेल ते दिसतं. तो तुम्ही कोण आहात हे विचारत नसतो, तुम्हाला पलीकडे आत घेतील का एवढंच त्याला बघायचं असतं. म्हणून एअरलाइनला नेहमी जिथे उतरणार त्या देशात ज्यावर आत जाणार तो पासपोर्ट. इमिग्रेशनला मात्र त्या त्या देशाचा, म्हणजे अमेरिकेत अमेरिकन, ब्रिटनमध्ये ब्रिटिश, आणि भारतासारख्या तिसऱ्या देशात ज्यावर आत आलात त्याच्यावरच बाहेर.

उदाहरण घेऊ, हीथ्रो ते मुंबई आणि परत, मूल अमेरिकन अधिक ब्रिटिश, ओसीआय अमेरिकनवर. जाताना एअरलाइनला अमेरिकन पासपोर्ट आणि ओसीआय. ब्रिटनमधून बाहेर पडताना शिक्का मारणारा माणूस नसतोच, त्यामुळे तिथे प्रश्न नाही. मुंबईत उतरल्यावर अमेरिकन आणि ओसीआय. परत येताना मुंबईच्या चेक-इनला ब्रिटिश पासपोर्ट द्यायचा कारण लंडनला जायचंय, मग इमिग्रेशनला अमेरिकन आणि ओसीआय कारण त्यांच्या कॉम्प्युटरवर हा प्रवासी अमेरिकन म्हणून आत आलेला आहे. तिथला ऑफिसर विचारेल की अमेरिकन पासपोर्टवर यूकेला कसे जाणार, परवानगी कुठे आहे, तेव्हा शांतपणे ब्रिटिश काढून दाखवायचा. यात लपवण्यासारखं काही नाही, दोन्ही पासपोर्ट परकीयच आहेत, भारताचा आक्षेप भारतीय अधिक दुसरा यालाच आहे. हीथ्रोला उतरलात की ब्रिटिश.

आता ब्रिटनवाल्यांनी इथे नीट वाचा, कारण पूर्वी चालायचं ते आता चालत नाही. २५ फेब्रुवारी २०२६ पासून ईटीए (यूकेला यायची ऑनलाइन परवानगी) नसेल तर अमेरिकन, कॅनेडियन, ऑस्ट्रेलियन वगैरे पासपोर्टवर यूकेच्या विमानात बसू देत नाहीत, आणि ब्रिटिश नागरिकाला ईटीए मिळत नाही कारण तो नागरिक आहे. म्हणजे ज्यांच्या मुलाचं ब्रिटिश रजिस्ट्रेशन झालंय पण पासपोर्ट काढायचा आळस केलाय, अमेरिकनवर येजा चालू आहे, त्यांनी एक तर ब्रिटिश पासपोर्ट काढावा नाहीतर परदेशी पासपोर्टला जोडलेलं सर्टिफिकेट ऑफ एन्टायटलमेंट घ्यावं. ते सर्टिफिकेट पासपोर्टपेक्षा कितीतरी महाग पडतं, त्यामुळे सरळ पासपोर्ट काढा.

अमेरिकेचं तसंच आहे, फक्त जुनं. तिथल्या कायद्यानुसार अमेरिकन नागरिकाने देशात येताना आणि बाहेर पडताना अमेरिकन पासपोर्ट वापरायचा, आणि नागरिकाला एस्टा (तशीच अमेरिकेची ऑनलाइन परवानगी) नाही. डिस्नेलँडला निघालेल्या कुटुंबात बाकी सगळ्यांचा एस्टा होतो आणि ज्याचा जन्मच तिथला त्या पोराचा होऊ शकत नाही कारण पासपोर्टवर जन्मस्थान छापलेलं असतं, ते बघून कोणीही विचारणार. मुलांचा अमेरिकन पासपोर्ट सोळाच्या आत फक्त पाच वर्षांचा असतो आणि रिन्यूअल असं काही नसतंच, दर वेळी नव्याने डीएस-११ फॉर्म, मूल समोर हजर, आई आणि बाबा दोघंही हजर, एक जण येऊ शकत नसेल तर त्याचं डीएस-३०५३ वर नोटरी केलेलं संमतीपत्र. बाबा दुबईला प्रोजेक्टवर आणि आई पोरांना घेऊन पुण्यात असेल तर हे आधी प्लॅन करा, मुंबईच्या बीकेसीतल्या कॉन्सुलेटमध्ये अपॉइंटमेंट घेऊन जावं लागतं. नेवार्कहून परत लंडनला येताना एक बारीक पेच असतो, बाहेर पडायला अमेरिकन हवा आणि लंडनच्या परवानगीला ब्रिटिश. तिथे ऑनलाइन चेक-इनशी झटापट करू नका, काउंटरवर जाऊन दोन्ही समोर ठेवा आणि सांगा दोन्ही आहेत, कुठला कुठे भरायचा ते त्यांना माहीत असतं.

कॅनडावाल्यांना हेच २०१६ च्या नोव्हेंबरपासून आहे, कॅनेडियन नागरिकाला विमानाने परत यायला कॅनेडियन पासपोर्टच हवा, अपवाद फक्त अमेरिकन-कॅनेडियन असणाऱ्यांना, त्यांना वैध अमेरिकन पासपोर्ट चालतो. ज्यांचा दुसरा पासपोर्ट व्हिसा न लागणाऱ्या देशाचा आहे त्यांच्यासाठी दहा दिवसांच्या आत प्रवास असेल तर एक स्पेशल ऑथोरायझेशन मिळतं, पण ती अडचणीतली सोय आहे, दर वर्षीची पद्धत नाही.

आता नाव. आपल्या लोकांचं अर्ध्याहून जास्त डोकं नावात जातं असं मी छातीठोकपणे सांगतो. भारतीय पासपोर्टात आपण स्वतःचं नाव आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एकत्र गिव्हन नेममध्ये टाकतो, अमेरिकेत मूल जन्मलं की हॉस्पिटलच्या फॉर्मवर कोणी मधलं नाव टाकतं, कोणी नाही टाकत, लग्नानंतर बाईंचं आडनाव बदलतं, काही घरांत पहिलं नावही बदलतं, आणि क्षीरसागर, वैद्य, ज्ञानेश्वर यांचं इंग्रजी स्पेलिंग तर प्रत्येक कागदावर वेगळं. मग एका पासपोर्टवर तीन शब्द, दुसऱ्यावर दोन, ओसीआयवर जुनं आडनाव. तिकीट एकाच नावाने निघतं. त्यामुळे दोन पासपोर्टांवर नावं वेगळी असतील तर पुढे कधीतरी अडणारच.

यावर कायमचा उपाय एकच, सगळीकडे एक नाव करून घ्या. ब्रिटनचं पासपोर्ट ऑफिस तर अडूनच बसतं, दुसऱ्या देशाच्या पासपोर्टवरचं नाव जुळत नसेल तर आधी ते बदलून आणा म्हणतं. ज्या पासपोर्टची मुदत आधी संपणार तो रिन्यू करताना नाव दुसऱ्यासारखं करून घ्या, म्हणजे वेगळा खर्च पडत नाही. भारतातले कागद लागतात तिथे महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रातली नावबदलाची जाहिरात आणि महानगरपालिकेचं विवाह नोंदणी प्रमाणपत्र हे दोन कामाला येतात, भटजींनी दिलेलं किंवा कार्यालयाच्या पावतीचं काही चालत नाही. आणि हे होईपर्यंत तिकीट त्या नावाने काढा जे चेक-इनला द्यायच्या पासपोर्टवर आहे, जाताना एक आणि येताना दुसरा पासपोर्ट असेल आणि नावं फारच वेगळी असतील तर दोन वेगळी वन-वे तिकिटं काढलेली परवडतात. विवाह प्रमाणपत्राची इंग्रजी प्रत हातातल्या बॅगेत. चेक-इन केलेल्या बॅगेत नाही हं, हे सांगावं लागतं.

आई माहेरचं आडनाव लावते आणि मुलांना घेऊन एकटी प्रवास करते तेव्हा ब्रिटन किंवा कॅनडाच्या बॉर्डरवर "हे तुमचंच मूल का" असं विचारतात. राग येतो, पण प्रश्न मुलं पळवून नेण्याच्या केसेसमुळे असतो. मुलाच्या जन्मदाखल्याची कॉपी आणि बाबांचं सही केलेलं साधं पत्र ठेवा, प्रवासाच्या तारखा आणि फोन नंबर टाकून. आजीबरोबर मूल पाठवत असाल तर पत्र दोघांचं हवं.

गोव्याच्या आणि तळकोकणातल्या मंडळींचं प्रकरण वेगळं आहे. १९ डिसेंबर १९६१ च्या आधी गोवा, दमण, दीवमध्ये जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुलानातवंडांना पोर्तुगालचं नागरिकत्व नोंदवता येतं, लिस्बनच्या नोंदणी कार्यालयात जन्म नोंदवून. त्यावर स्विंडनला, साउथॉलला किती गोंयकार आले ते सगळ्यांना माहीत आहे. एजंट सांगतो की भारतीय पासपोर्टवर भारतातून बाहेर पडा आणि पुढे पोर्तुगीज वापरा. हे करू नका. अशांचे भारतीय पासपोर्ट "माहिती दडवली" म्हणून रद्द झालेत, आणि मग सरेंडर सर्टिफिकेट नसल्यामुळे ओसीआयही अडकलं होतं, २०२४ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने रद्द केल्याचा आदेश त्याऐवजी चालेल असं मान्य केल्यावर कुठे वाट मोकळी झाली. आणि ब्रेक्झिटनंतर नुसत्या पोर्तुगीज पासपोर्टवर यूकेत राहता येत नाही. आधीपासून सेटल्ड स्टेटस (ब्रेक्झिटआधी आलेल्या युरोपियनांना मिळालेला कायम राहायचा हक्क) असणाऱ्यांनी नवीन पासपोर्ट आला की तो नंबर आपल्या यूकेव्हीआय (ब्रिटनचं व्हिसा-इमिग्रेशन खातं) अकाउंटवर टाकायचा, नाहीतर गोव्याहून परतताना एअरलाइनला स्टेटस दिसत नाही आणि चर्चा दाबोळीच्या काउंटरवर करावी लागते.

युरोप फिरायला जाणाऱ्यांसाठी एक. ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेन (युरोपातल्या सामायिक सीमेच्या) देशांत शिक्क्यांऐवजी ईईएस, म्हणजे येण्याजाण्याची कॉम्प्युटरवरची नोंद, चालू झालंय, बोटांचे ठसे आणि चेहरा घेतात. दोन पासपोर्ट आहेत म्हणून दोनदा नव्वद दिवस राहता येईल अशी कल्पना लढवू नका, मर्यादा माणसाला आहे, पुस्तकाला नाही, आणि ठसे तर एकच असतात. ज्यावर आत गेलात त्यावरच बाहेर. पोर्तुगीज किंवा कुठलाही युरोपियन युनियनचा असेल तर तिथे तोच, मग ही मोजामोजीच नाही.

पासपोर्ट हरवला तर? भारतात असताना हरवला तर आधी पोलिसांत तक्रार, मग त्या देशाच्या कॉन्सुलेटमधून तात्पुरता पासपोर्ट, आणि ई-व्हिसावर आला असाल तर ई-एफआरआरओच्या (परदेशी नागरिकांच्या नोंदणी कार्यालयाच्या) साइटवरून एक्झिट परमिट. घरात दुसरा पासपोर्ट आहे तर त्यावर निघू असं करायला जाऊ नका, तुमची एंट्री त्यावर झालेली नाही. सगळ्या पासपोर्टांचे, ओसीआयच्या दोन्ही बाजूंचे आणि जन्मदाखल्याचे स्कॅन स्वतःला ईमेल करून ठेवा, आणि एक सेट पुण्यामुंबईत भावाकडे किंवा सासूबाईंकडे.

अजून एक, हे कमी लोकांना माहीत असतं. ज्या देशाचे नागरिक आहात त्याच देशात अडचणीत सापडलात तर तुमचा दुसरा देश तुम्हाला फारशी मदत करू शकत नाही, १९३० च्या हेग करारापासून ही पद्धत चालत आलीय. म्हणजे अमेरिकेत अडकलेल्या ब्रिटिश-अमेरिकन माणसाने ब्रिटिश दूतावासाला फोन केला तर ते सहानुभूतीने ऐकतील आणि म्हणतील की तिथे तुम्ही अमेरिकन आहात.

तारखांची एक शीट बनवा, प्रत्येकाचा प्रत्येक पासपोर्ट, ओसीआय कुठल्या नंबरवर आहे ते, आणि मुदतीच्या नऊ महिने आधीचा अलार्म, कारण भारतात जाताना पासपोर्ट सहा महिने तरी शिल्लक लागतो आणि मुलांचे पासपोर्ट पाच वर्षांत संपतात, दोन पोरं दोन देश म्हणजे दर वर्षीसव्वावर्षाला कोणाचं तरी काहीतरी येणारच. मुलांचा फोटो काढायला गेलात की एकदम दोन्ही देशांच्या मापाचे काढून घ्या, अमेरिकेचा आणि ओसीआयचा चौकोनी दोन इंची, ब्रिटिश उभा. फोटोवाला दोनदा पैसे मागेल, तेवढे द्या.